‘जुनी पेन्शन दिली तर सरकारचे पैसे वाचतात’ या दाव्याचा प्रतिवाद

सरकारी कर्मचाऱ्यांच्या जुन्या निवृत्तिवेतन योजनेच्या बाजूने एक संदेश गेली काही वर्षे सातत्याने फिरतो आहे. त्याची शब्दरचना थोडीफार बदलते, मांडणी मात्र ठरलेली असते. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये, सरकारला प्रत्येक कर्मचाऱ्याच्या मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या 14 टक्के रक्कम दरमहा भरावी लागते; जुन्या योजनेत असे काहीच भरावे लागत नाही; सबब जुनी योजना लागू केल्यास तिजोरीवर बोजा पडण्याऐवजी दरवर्षी हजारो कोटी रुपये वाचतील, हा त्याचा मुख्य दावा. त्याला आणखी काही मुद्दे जोडलेले असतात: एनपीएसचा पैसा शेअर बाजारात लावून उधळला जातो, एकदा निवडून आलेल्या आमदार-खासदाराला तहहयात पेन्शन द्यायला पैसे असतात, मग कर्मचाऱ्यालाच का नसतात, सर्वोच्च न्यायालयाने पेन्शन हा हक्क ठरवला आहे, आणि ज्या राज्यांनी जुनी योजना परत आणली तिथे काहीही बिघडलेले नाही.

महाराष्ट्रात 14 ते 20 मार्च 2023 या काळात लाखो राज्य कर्मचारी आणि शिक्षक याच मागणीसाठी संपावर गेले होते, तेव्हापासून या संदेशाला अधिकच बळ मिळाले. म्हातारपणी ठरावीक आणि महागाईबरोबर वाढणारे उत्पन्न असावे, ही त्या संपामागची अपेक्षा पूर्णपणे रास्त आहे आणि तिच्याशी या लेखाचे भांडण नाही. भांडण आहे ते या अपेक्षेची किंमत शून्य, किंबहुना शून्याहूनही कमी आहे, असे सांगणाऱ्या हिशेबाशी.

मुख्य दाव्यापासून सुरुवात करू. जुन्या योजनेत कर्मचाऱ्याच्या अखेरच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम निवृत्तिवेतन म्हणून मिळते, तिच्यावर सेवेतील कर्मचाऱ्यांच्या दरानेच महागाई वाढ मिळते, नव्या वेतन आयोगाबरोबर मूळ रक्कमही सुधारली जाते, आणि निवृत्त व्यक्तीच्या पश्चात जोडीदाराला कुटुंब निवृत्तिवेतन चालू राहते. केंद्रात वयाच्या 80 व्या वर्षानंतर त्यात 20 टक्क्यांची भर पडते आणि शंभरीला पोचलेल्यांचे मूळ निवृत्तिवेतन दुप्पट होते. या सगळ्यासाठी कर्मचाऱ्याच्या पगारातून काही कापले जात नाही (भविष्य निर्वाह निधीची कपात त्याची स्वतःचीच बचत असते) आणि सरकारही सेवाकाळात कोणताच निधी बाजूला ठेवत नाही. जे द्यायचे ते त्या त्या वर्षीच्या महसुलातून दिले जाते. केंद्राने 1 जानेवारी 2004 नंतर आणि महाराष्ट्राने 1 नोव्हेंबर 2005 नंतर सेवेत आलेल्यांसाठी ही पद्धत थांबवून अंशदानाची पद्धत आणली, जिच्यात कर्मचारी 10 टक्के भरतो आणि सरकार पूर्वी 10 टक्के भरत असे, आता 14 टक्के भरते. सैन्यदलांना यातून वगळण्यात आले.

सरकारचे हिशेब रोकड पद्धतीने लिहिले जातात, म्हणजे पैसा ज्या वर्षी तिजोरीतून बाहेर पडतो त्याच वर्षी खर्च दिसतो. एनपीएसमधील 14 टक्के आजच बाहेर पडतात, म्हणून ते आजच्या अर्थसंकल्पात दिसतात. जुन्या योजनेत आज सेवेत असलेल्या कर्मचाऱ्याने कमावलेले निवृत्तिवेतन तो निवृत्त होईपर्यंत कुठल्याच अर्थसंकल्पात दिसत नाही. ते महसुली तुटीत येत नाही, राजकोषीय तुटीत येत नाही, राज्याच्या कर्जाच्या आकड्यातही येत नाही. दिसत नाही म्हणून ते देणे लागत नाही, असा अर्थ काढणे म्हणजे विम्याचा हप्ता भरणे बंद करून त्याला घरखर्चातील काटकसर म्हणण्यासारखे आहे. संदेशातील ‘वाचलेले’ हजारो कोटी हे असे न भरलेले हप्ते आहेत.

हे देणे नेमके कधी अंगावर येते, तेही पाहू. नोव्हेंबर 2005 मध्ये पंचविसाव्या वर्षी महाराष्ट्र शासनाच्या सेवेत लागलेला लिपिक वयाच्या 58 व्या वर्षी, म्हणजे 2038 च्या सुमारास निवृत्त होईल. त्याच्या बरोबरीने आणि मागून लागलेल्यांच्या मोठ्या तुकड्या त्या वर्षापासून पुढे निवृत्त होत जातील. म्हणजे आज जुनी योजना लागू केली तर साधारण पुढची बारा-तेरा वर्षे 14 टक्क्यांचा भरणा थांबल्यामुळे अर्थसंकल्प सैलावलेला दिसेल, आणि त्यानंतर तो आवळत जाईल. या बारा-तेरा वर्षांत दोन-तीन विधानसभा निवडणुका होऊन जातात. ज्याने निर्णय घेतला त्याच्या वाट्याला केवळ सैलपणा आणि जो पुढे येईल त्याच्या वाट्याला केवळ आवळणे, अशी ही वाटणी आहे. या मागणीकडे राजकीय पक्षांचे मन एवढ्या सहजपणे का वळते याचे स्पष्टीकरण त्यात बऱ्यापैकी सापडते.

रिझर्व्ह बँकेच्या मासिक पत्रिकेत सप्टेंबर 2023 मध्ये या विषयावर एक सविस्तर अभ्यासलेख प्रसिद्ध झाला. सर्व राज्ये जुन्या योजनेकडे परतल्यास त्यांच्यावरील एकत्रित भार एनपीएसच्या तुलनेत साडेचार पटींपर्यंत जाऊ शकतो आणि 2060 पर्यंत दरवर्षीचा अतिरिक्त बोजा सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 0.9 टक्क्यापर्यंत पोचू शकतो, असा त्यातील अंदाज आहे. अंदाज म्हटल्यावर त्यातील गृहीतकांवर वाद घालता येतो, आणि संघटनांनी तो जरूर घालावा. पण सुरुवातीच्या वर्षांतील बचत अल्पजीवी असते, हा त्यातील निष्कर्ष गृहीतकांवर फारसा अवलंबून नाही. तो नेमणूक आणि निवृत्ती यांच्यामधील अंतरातूनच निघतो.

ज्यांचा रिझर्व्ह बँकेवर विश्वास नाही, त्यांच्यासाठी एक हिशेब कागद-पेन्सिलीने करता येण्याजोगा आहे. समजा एखादी व्यक्ती 33 वर्षे नोकरी करते आणि निवृत्तीनंतर 22 वर्षे जगते. निम्म्या पगाराइतके निवृत्तिवेतन 22 वर्षे द्यायचे म्हणजे अखेरच्या पगाराच्या हिशेबात 11 वर्षांचा पगार द्यायचा. साठवलेल्या रकमेवरील परतावा आणि पगारातील वाढ या दोन्हींचा वेग सारखाच धरला, तर 11 वर्षांचा पगार 33 वर्षांत जमवण्यासाठी दरमहा पगाराचा तिसरा हिस्सा बाजूला काढावा लागतो. परतावा पगारवाढीपेक्षा जास्त मिळाला तर हा हिस्सा कमी होईल. पण सरकारी पगार वार्षिक वेतनवाढ, महागाई भत्ता, पदोन्नती आणि वेतन आयोग अशा चार वाटांनी वाढतो, त्यामुळे परताव्याने त्याला फार मागे टाकावे अशी आशा बाळगणे धाडसाचे ठरेल. त्यातच जोडीदाराचे कुटुंब निवृत्तिवेतन वेगळे धरावे लागते. सुमारे 33 टक्के कुठे आणि 14 टक्के कुठे! 14 टक्के वाचवून 33 टक्क्यांचे देणे अंगावर घेण्याच्या व्यवहाराला बचत हे नाव देता येत नाही.

या आकड्याला एक अनपेक्षित दुजोराही मिळाला आहे. केंद्र सरकारने तेव्हाचे वित्त सचिव टी. व्ही. सोमनाथन यांच्या अध्यक्षतेखाली 2023 मध्ये समिती नेमली आणि 24 ऑगस्ट 2024 रोजी एकीकृत निवृत्तिवेतन योजनेला, म्हणजे यूपीएसला, मंजुरी दिली. त्या योजनेत 25 वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम आणि तिच्यावर महागाई वाढ यांची हमी आहे. ही हमी निभावण्यासाठी केंद्राने स्वतःचा वाटा 18.5 टक्के आणि कर्मचाऱ्याचा 10 टक्के ठरवला. दोन्ही मिळून साडेअठ्ठावीस टक्के होतात. जुन्या योजनेशी जवळीक असलेल्या आश्वासनासाठी आधीपासून पैसे ठेवायचे ठरवले की आकडा आपोआप तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास जातो.

आता एक गोष्ट संदेशाच्या बाजूने मान्य केली पाहिजे, कारण तिच्याशिवाय राज्यांची अडचण नीट समजत नाही. 2005 नंतर राज्य सरकारे दुहेरी भार वाहत आहेत. 2005 पूर्वी सेवेत आलेल्यांचे निवृत्तिवेतन चालू महसुलातून द्यायचे आणि त्याच वेळी नंतर आलेल्यांसाठी 14 टक्के निधीत टाकायचे. जुन्या पद्धतीतून नव्या पद्धतीत जाताना एका पिढीला दोनदा पैसे मोजावे लागतात, हे जगात जिथे जिथे असे बदल झाले तिथे तिथे घडले आहे. चिली या देशाने 1981 मध्ये आपली सार्वजनिक पेन्शन व्यवस्था वैयक्तिक खात्यांवर नेली, तेव्हा तेथील सरकारलाही जुन्या निवृत्तांचे देणे फेडण्याचा भार पुढे दशकानुदशके वाहावा लागला. महाराष्ट्राच्या महसुली उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज या तीन बाबींवर खर्च होतो, तेव्हा अर्थ खात्याला 14 टक्के जाचक वाटणे स्वाभाविक आहे.

पण याच कारणासाठी आता माघार घेणे सर्वांत महागात पडते. दुहेरी भाराचा हा काळ साधारणपणे 2040 च्या आसपास ओसरू लागेल, कारण तोवर जुन्या योजनेतील शेवटच्या तुकड्या निवृत्त झालेल्या असतील आणि त्यांच्या संख्येत नवी भर पडणार नाही. जवळजवळ वीस वर्षे दोन्हीकडचे पैसे भरल्यानंतर, सुटकेचा टप्पा नजरेत आला असताना, पुन्हा पहिल्या पायरीवर जाऊन बसावे असा प्रस्ताव हा संदेश ‘बचत’ म्हणून पुढे करतो.

दुसरा मुद्दा शेअर बाजाराचा. ‘आमचा पैसा सट्ट्यात लावला’ हे वाक्य ऐकायला जोरकस असले तरी सरकारी कर्मचाऱ्याने स्वतः वेगळा पर्याय निवडला नसेल तर एनपीएसच्या मूळ रचनेत समभागांमध्ये अनेक वर्षे जास्तीत जास्त 15 टक्केच रक्कम गुंतवता येत असे. बाकीची बहुतांश रक्कम केंद्र व राज्यांचे सरकारी रोखे आणि कंपन्यांचे कर्जरोखे यांत असते. म्हणजे कर्मचाऱ्याचा बराचसा पैसा प्रत्यक्षात सरकारलाच कर्जाऊ दिलेला असतो. हा निधी एसबीआय, यूटीआय आणि एलआयसी यांच्या पेन्शन फंडांनी सांभाळला आहे आणि त्यावर सुरुवातीपासूनचा सरासरी वार्षिक परतावा 9 टक्क्यांच्या आसपास राहिला आहे. ही रक्कम उधळली गेली असे म्हणण्याजोगी स्थिती नाही.

मग ‘बारा-तेरा वर्षे नोकरी करून दोन हजार रुपये पेन्शन मिळाली’ ही उदाहरणे खोटी आहेत का? बहुधा नाहीत, आणि इथे थोडे थांबून आकडेमोड केली पाहिजे. वयाच्या पंचेचाळिशीत सेवेत आलेल्या एखाद्या चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्याचा तेरा वर्षांतील सरासरी पगार दरमहा 20,000 रुपये धरू. त्याचे 10 आणि सरकारचे 10 असे 20 टक्के, म्हणजे दरमहा 4,000 रुपये जमा झाले. 9 टक्के परताव्याने तेरा वर्षांत ही रक्कम पावणेबारा लाखांच्या घरात जाते. नियमाप्रमाणे तिच्यातील किमान 40 टक्के, म्हणजे सुमारे पावणेपाच लाख रुपये, वार्षिकी (एकरकमी पैसे भरून विमा कंपनीकडून आयुष्यभर मिळणारे ठरावीक उत्पन्न) विकत घेण्यासाठी वापरावे लागतात आणि उरलेले सात लाख हातात मिळतात. 6 टक्के दराच्या वार्षिकीतून महिन्याला जेमतेम साडेतेवीसशे रुपये येतात. संदेशात हे साडेतेवीसशे येतात, हातात पडलेले सात लाख येत नाहीत. पूर्ण रकमेची वार्षिकी घेतली असती तरी महिन्याला सहा हजारांच्या आतच मिळाले असते हे खरे, आणि जुन्या योजनेत याच व्यक्तीला अखेरच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम महागाई वाढीसह मिळाली असती हेही खरे. तेरा वर्षांचा भरणा आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे निम्मा पगार यांतील तफावत इतकी मोठी आहे की ती कुणाच्या तरी खिशातून भरून काढावीच लागते. जुनी योजना ती करदात्याच्या खिशातून भरून काढत होती.

या उदाहरणातून एनपीएसमधील दोन खरी वैगुण्ये मात्र उघडी पडतात आणि ती झाकण्यात काही हशील नाही. पहिले, वार्षिकीची रक्कम सहसा आयुष्यभर तेवढीच राहते, त्यामुळे निवृत्तीनंतरच्या विसाव्या वर्षी तिची खरेदीशक्ती पार घसरलेली असते. दुसरे, गुंतवणुकीची आणि दीर्घायुष्याची सगळी जोखीम व्यक्तीच्या माथी येते. याशिवाय राज्यांच्या अंमलबजावणीतील ढिसाळपणा वेगळाच. केंद्राने सेवेत असताना मरण पावलेल्या एनपीएस कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना 2009 मध्येच जुन्या पद्धतीचे कुटुंब निवृत्तिवेतन खुले केले. महाराष्ट्रातील कुटुंबांना त्यासाठी 2023 पर्यंत थांबावे लागले. परिभाषित अंशदान योजनेतील, म्हणजे राज्यात एनपीएसच्या आधी असलेल्या अंशदान योजनेतील, कपातीचा हिशेब वेळेवर मिळत नाही, ही शिक्षक संघटनांची तक्रारही जुनी आहे. या तक्रारींवरचे उपाय मात्र या तक्रारींतूनच शोधता येतात: किमान रकमेची हमी, महागाईशी जोडलेली वार्षिकी, वेळेवर भरणा आणि दर महिन्याला तपासता येईल असे खाते. त्यांच्यासाठी निधीच मोडीत काढण्याची गरज नाही.

आमदार-खासदारांच्या पेन्शनचा मुद्दा सर्वाधिक टाळ्या मिळवतो आणि अर्थसंकल्पाच्या दृष्टीने तोच सर्वांत हलका आहे. एका कार्यकाळावर तहहयात पेन्शन, तीही स्वतः काही न भरता, आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी वाढीव रक्कम, या व्यवस्थेचे समर्थन करता येणार नाही. पंजाबने 2022 मध्ये एका आमदाराला एकच पेन्शन असा नियम केला तो योग्यच होता. परंतु आकडा पाहावा. माजी खासदाराचे किमान निवृत्तिवेतन आता दरमहा 31,000 रुपये आहे. असे 5,000 माजी खासदार आहेत असे धरले तरी वर्षाचा खर्च 186 कोटी रुपये होतो. केंद्राचा एकूण पेन्शन खर्च वर्षाला 2 लाख कोटींहून अधिक आहे, म्हणजे हा वाटा हजारातील एकाहूनही कमी. महाराष्ट्रात विधानसभेचे 288 आणि विधान परिषदेचे 78 सदस्य मिळून 366 होतात, तर राज्य शासनाचे कर्मचारी आणि शिक्षक लाखांत मोजावे लागतात. लोकप्रतिनिधींची पेन्शन उद्या पूर्ण बंद केली तर न्यायाच्या दृष्टीने बरे होईल, पण त्या पैशांतून जुनी योजना एक आठवडाही चालणार नाही.

तुलनाच करायची तर ती दुसऱ्या टोकाशी का करू नये, असा प्रश्न मला हा संदेश वाचताना दर वेळी पडतो. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेतील निराधार वृद्धाला दरमहा 1,500 रुपये मिळतात. खासगी कारखान्यात आयुष्य घालवलेल्या कामगाराला कर्मचारी पेन्शन योजना 1995 मधून मिळणारी किमान पेन्शन 2014 पासून 1,000 रुपयांवर अडकलेली आहे. राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा 60 ते 79 या वयोगटासाठी 200 रुपये आहे. शेतमजूर, घरकामगार, फेरीवाले यांच्या खरेदीवरील करातूनही तिजोरी भरते. पुढे 2040 च्या दशकात जुन्या योजनेचे वाढीव देणे आले की राज्याला कर वाढवावे लागतील, कर्ज काढावे लागेल किंवा खर्च कापावा लागेल, आणि खर्च कापताना ज्यांची संघटना नाही त्यांच्या 1,500 रुपयांवरच पहिल्यांदा हात पडतो, असा आजवरचा अनुभव आहे.

न्यायालयाच्या निकालाचा दाखला अर्धवट दिला जातो. डी. एस. नकारा विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 17 डिसेंबर 1982 रोजी दिलेल्या निकालात निवृत्तिवेतन हे मालकाच्या मर्जीवरचे बक्षीस नसून पूर्वी केलेल्या सेवेबद्दलचे देणे आहे असे ठामपणे म्हटले, आणि तो दिवस आजही पेन्शनर्स दिन म्हणून पाळला जातो. पण त्या खटल्यात प्रश्न होता तो एकाच योजनेतील निवृत्तांना केवळ निवृत्तीच्या तारखेवरून दोन गटांत विभागण्याचा. भविष्यात सेवेत येणाऱ्यांसाठी सरकारने वेगळी योजना आणू नये, असे त्या निकालात म्हटलेले नाही. उलट 1990 मध्ये कृष्णकुमार विरुद्ध भारत सरकार या खटल्यात दुसऱ्या घटनापीठाने, भविष्य निर्वाह निधीचा पर्याय घेतलेले आणि पेन्शनचा पर्याय घेतलेले कर्मचारी हे दोन वेगळे वर्ग असल्याचे मान्य केले आणि नकारा निकाल पहिल्या वर्गाला लागू करण्यास नकार दिला. निवृत्तिवेतनाचा हक्क आहे, हे निर्विवाद. तो विशिष्ट सूत्रानेच आणि निधीविनाच दिला पाहिजे, असा हक्क या निकालांतून निघत नाही. खरे तर कमावलेला हक्क पुढच्या सरकारच्या ऐपतीवर सोडण्यापेक्षा नावावरच्या खात्यात जमा असणे, हे त्या निकालामागच्या भावनेला अधिक धरून आहे असे मला वाटते.

पेन्शनचा पैसा शेवटी बाजारातच खर्च होतो आणि अर्थव्यवस्था चालते, असेही काही वेळा जोडले जाते. सरकारने कोणालाही दिलेला कोणताही पैसा बाजारात खर्च होतो. श्रावणबाळ योजनेतील वृद्धाला दिलेला तर लगेच होतो. या युक्तिवादाने काहीच सिद्ध होत नाही.

उरला राज्यांचा दाखला. राजस्थानने फेब्रुवारी 2022 मध्ये जुनी योजना परत आणण्याची घोषणा केली, त्यापाठोपाठ छत्तीसगड, झारखंड, पंजाब आणि हिमाचल प्रदेश यांनी. पश्चिम बंगाल मुळात एनपीएसमध्ये आलाच नव्हता. या राज्यांत काही बिघडले नाही, हे आज तरी जवळपास अपेक्षितच आहे, कारण बिल येण्याचे वर्ष अजून दूर आहे. तरी जे दिसले तेही बोलके आहे. आपल्या कर्मचाऱ्यांच्या नावे जमलेली एनपीएसची रक्कम परत मिळावी, अशी मागणी या राज्यांनी केंद्राकडे केली, तेव्हा 2013 च्या पेन्शन निधी नियामक कायद्यात अशी तरतूदच नाही, असे उत्तर केंद्राने दिले. तो पैसा व्यक्तींच्या खात्यांत आहे, राज्याच्या तिजोरीत नाही, म्हणून ते उत्तर बरोबर होते. शिवाय एनपीएसमध्ये भरणा करणाऱ्या राज्यांना त्या प्रमाणात जी अतिरिक्त कर्जउभारणीची मुभा मिळते, ती जुन्या योजनेत परतलेल्या राज्यांना मिळत नाही. पंजाबने नोव्हेंबर 2022 मध्ये अधिसूचना काढली खरी, पण प्रत्यक्ष अंमलबजावणी रेंगाळत राहिली.

हिमाचल प्रदेशात सप्टेंबर 2024 मध्ये कर्मचाऱ्यांचे वेतन महिन्याच्या 5 तारखेला आणि निवृत्तांचे निवृत्तिवेतन 10 तारखेला देण्याची पाळी आली. याचे खापर जुन्या योजनेच्या पुनरागमनावर फोडणे अन्यायाचे होईल, कारण तिचा खरा भार अजून सुरूच झालेला नाही. राज्याचे कर्ज, मर्यादित उत्पन्न आणि आधीच्या निवृत्तांचे देणे ही कारणे पुरेशी होती. प्रश्न एवढाच की, आजचे निवृत्तिवेतन एक तारखेला देताना ज्या तिजोरीची ओढाताण होते, तिने पुढच्या दोन पिढ्यांच्या निवृत्तिवेतनाची हमी कशाच्या आधारावर घेतली?

आंध्र प्रदेशचा अनुभव संदेशात कधीच येत नाही. 2019 च्या निवडणुकीआधी जगनमोहन रेड्डी (त्या निवडणुकीनंतर तेथील मुख्यमंत्री) यांनी अंशदान योजना रद्द करण्याचे आश्वासन दिले होते. सत्तेत आल्यावर हिशेब मांडून झाल्यानंतर त्यांच्याच सरकारने 2023 मध्ये जुन्या योजनेऐवजी हमी पेन्शन योजनेचा कायदा आणला, ज्यात अंशदान चालू ठेवून निम्म्या मूळ वेतनाइतकी रक्कम पुरी करण्याची जबाबदारी राज्याने घेतली. पुढच्या वर्षी केंद्राची यूपीएस साधारण याच धर्तीवर आली.

आणि यूपीएसच्या बाबतीत जे घडले ते या साऱ्या वादात सर्वांत लक्षणीय आहे. 1 एप्रिल 2025 पासून ही योजना लागू झाली, सुमारे 23 लाख केंद्रीय कर्मचाऱ्यांना एनपीएस सोडून तिच्यात येण्याची मुभा मिळाली, निवड करण्याची मुदत जूनवरून सप्टेंबरपर्यंत आणि तिथून नोव्हेंबर 2025 अखेरपर्यंत वाढवण्यात आली. तरीही तिकडे वळलेल्यांचे प्रमाण फारच थोडे राहिले. कारणे शोधायला लांब जावे लागत नाही. हमी घ्यायची तर 60 टक्के रक्कम एकरकमी हातात घेण्याचा हक्क जवळपास सोडावा लागतो, स्वतःच्या खात्यातील निधी सामाईक कोषाकडे वर्ग होतो, पूर्ण लाभासाठी 25 वर्षांची सेवा लागते, आणि जोडीदारानंतर वारसांसाठी तो निधी उरत नाही. एनपीएसला सट्टा म्हणणाऱ्या वर्गातील लाखो जणांनी, हमीची किंमत कागदावर समोर आल्यावर, तोच ‘सट्टा’ चालू ठेवणे पसंत केले. ज्यांना अजूनही जुनीच योजना हवी आहे त्यांनी ती जरूर मागावी. पण राज्य सरकारकडून त्या आश्वासनाचे विमागणिती मूल्यांकन, म्हणजे आज सेवेत असलेल्यांनी आजवर कमावलेल्या निवृत्तिवेतनाचे आजच्या पैशांतील एकूण देणे, दरवर्षी अर्थसंकल्पाबरोबर विधिमंडळापुढे ठेवले जावे, अशी मागणीही त्याच निवेदनात लिहावी.